शून्याची शेपटी

"मागावर काय हुतं तवा?" हेडमास्तर जोतिरामांनी टाक दौतीत बुडवत विचारलं.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. शाळेत नाव घालायला आणलेलं सोनाबाईचं पोरगं टेबलाखाली शिरून मास्तरांच्या जोड्यांचा वास घेत होतं.

"हिरवं लुगडं हुतं, लाल काठाचं," सोनाबाई म्हणाली. "निम्मं झालतं नि माझ्या पोटात कळ आली. खानापूरच्या पाटलीणबाईला गौरीला पायजे हुतं ते. म्या कण्हतोय, नि धन्यास्नी लुगड्याची काळजी!"

"गौरीच्या आधी किती दिवस?"

"सात का आठ. अवस हुती. सुईण यायला तयारच न्हवती."

मास्तरांनी डोळे मिटले. त्या मिटल्या डोळ्यांपुढे हिरवं लुगडं हळूहळू उलगडलं असावं, कारण ते जरा हसले. मग सहा वर्षांमागचं पंचांग चाळून त्यांनी लिहिलं : २५ ऑगस्ट १९३८.

आता हे सगळं करायची गरज नव्हती. इतर शाळांतले मास्तर शहाणे. जन्मतारीख ठाऊक नसलेलं पोर आलं की डोळे झाकून एक जून लिहायचे. त्या हिशेबानं काही गावांत एकाच दिवशी इतकी बाळंतपणं झाली होती की सुईण धावून धावून मेली असती. शहापूरच्या विणकर आळीत मात्र ज्याची त्याची तारीख ज्याला त्याला होती. आयांना महिना आठवत नसे, साल तर नसेच. पण मागावर काय चढलं होतं ते मरेपर्यंत विसरत नसत. जोतिराम स्वतः कोष्ट्याचे. कंग्राळीला सात वर्षं, हिंडलग्याला नऊ वर्षं मास्तरकी करून, ज्या शाळेत अक्षर गिरवलं तिथंच हेडमास्तर होऊन आले होते. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. तरी दीड हजार पोरांचे जन्म त्यांना तोंडपाठ होते. दुपारी लोक पोथी वाचतात तसे ते शाळेचं जनरल रजिस्टर वाचत. पानापानातून लुगडी वाऱ्यावर हलायची. अंजिरी, मोरपंखी, कुसुंबी.

जाताना सोनाबाई दारात घुटमळली. "मास्तर, आमची अंजनी सहावीत हाय. तिचा बा म्हंतोय, बास झालं, आता मागाच्या कांड्या भरू दे. तुमच्या भिडंखातर गप हाय त्यो. तेवढी सातवीची फायनल होस्तवर तुमी हाईसाच न्हवं?"

"मी कुठं जातोय?" मास्तर म्हणाले.

दिवाळी झाली आणि शाळाखात्याचं पाकीट आलं. मास्तरांना पंचावन्न वर्षं पुरी होत असल्यानं एकतीस मे एकोणीसशे पंचेचाळीसला सेवा संपेल. अंजनीची फायनल त्याच्या पुढच्या वर्षी.

दुय्यम मास्तर परशराम पत्र वाचून खुर्चीकडे न बघण्याची काळजी घेत म्हणाले, "पण मास्तर, तुम्ही पंचावन्नचे दिसत नाही."

"दिसायला काय, माझा टाकही नवा दिसतो."

घरी थोरली बहीण मालुबाई चुलीपुढं होती. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला तो प्रश्न विचारला. "आक्का, मी जलमलो तवा मागावर काय हुतं?"

"आत्ता गं बया! पंचावन्न वरसांनी इचारतोस व्हय?" ती हसून हसून खोकली. "अंजिरी. इनामदाराच्या थोरलीच्या लग्नाचं. आपल्या बानं, अंबाजीआप्पांनी, माग सोडून तुला बघितलं सुदिक न्हाय."

त्या लग्नात इनामदारानं मारुतीच्या देवळाला घंटा दिली होती. मास्तर दुसऱ्या दिवशी जाऊन, टाचा उंचावून, घंटेवरचं साल वाचून आले. शके अठराशे तेरा. म्हणजे अठराशे एक्क्याण्णव. रजिस्टरात मात्र नव्वद.

परशराम मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं. "मग काय अडलंय? रजिस्टर तुमच्या कपाटात. शून्याला शेपटी लावली की एक होतो. आणि खोटं कुठाय? घंटाच साक्षीला आहे."

"तुमची खुर्ची वर्षभर लांबेल."

"खुर्चीला ढेकूण आहेत," परशराम म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

शाळा सुटली. बाहेर आळीतून मागांवरच्या धोट्यांची खटखट येत होती. मास्तरांनी सर्वांत जुनं रजिस्टर काढलं, सन अठराशे शहाण्णवचं पान उघडलं. जोतिराम अंबाजी. त्यांच्या पंतोजींचं, हुद्दारांचं, टपोरं अक्षर. मास्तरांनी टाक बुडवला. एक वर्ष. एक शेपटी. अंजनीची फायनल, एक पावसाळा, नवी पोरं, त्यांच्या आयांची नवी लुगडी... टाक कागदावर टेकणार, तोच खिडकीतल्या तिरप्या उन्हात त्यांना शून्याखाली काहीतरी चमकलं.

त्यांनी पान उचलून उजेडापुढे धरलं. शून्याच्या खाली कागद झिरझिरीत झाला होता. तेवढ्या चिमटीएवढ्या जागेतून ऊन सरळ आत येत होतं.

शेपटी होती. चाकूनं खरवडून काढलेली होती.

मास्तरांनी बोटांवर वर्षं मोजली. तेव्हा सहा पुरी झाल्याशिवाय शाळेत घेत नसत. पाच वर्षांच्या जोतिरामाला परत पाठवलं असतं, तर वर्षभरात अंबाजीआप्पांनी त्याच्यापुढं कांड्यांची टोपली ठेवली असती. हुद्दार पंतोजींनी घंटा पाहिली नव्हती. पोर पाहिलं होतं.

टाकाची शाई वाळली. मास्तरांनी तो पुसला आणि या वर्षाचं रजिस्टर पुढं ओढलं. हेडमास्तरला वरच्या वर्गात पोर चढवण्याचा अधिकार असतो. अंजनी केदारी, इयत्ता सहावी. त्यांनी सहावी खोडून सातवी लिहिलं आणि खाली सही केली.

"डोस्कं फिरलंय मास्तरचं," तिचा बाप केदारी आळीभर सांगत सुटला. "दोन वरसाचं शिकाप चार म्हैन्यात व्हतंय व्हय?"

पण मास्तर रोज सकाळी त्याच्या मागाशेजारी येऊन बसत. केदारी धोटा मारी, अंजनी कांड्या भरी, आणि खटखटीच्या तालावर व्यवहारी अपूर्णांक चालत. माघापर्यंत केदारीच मध्येच धोटा थांबवून म्हणू लागला, "छेद चुकला बघ, पोरी."

एकतीस मेला शाळेला सुट्टी होती. मास्तरांनी कोट घालून शाळा उघडली. किल्ल्या परशराम मास्तरांपुढं ठेवल्या.

"एक वर्ष वाया गेलं की तुमचं," परशराम म्हणाले.

"वाया नाही. मी ते आधीच वापरलंय."

दारात अंजनी उभी होती. फायनल पास झालेली, दाखला न्यायला आलेली. मास्तरांनी तिच्या नावापुढं शेरा लिहिला, दाखल्यावर शेवटची सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"आईनं सांगितलंय," अंजनी म्हणाली, "मास्तर खुर्चीवरनं उतरल्याला दिवस ध्यानात ऱ्हायला पायजे, मागावर काय हाय ते बघून ठेव."

"मग? काय आहे?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडं बघू लागली. "काय न्हाय, मास्तर. कालच लुगडं उतरलंय. नवा ताणा अजून चढवायचा हाय. माग रिकामाच हाय."

मास्तरांनी डोळे मिटले, नेहमीसारखे. मग टोपी घातली आणि तिच्याबरोबर आळीतून चालू लागले. दुतर्फा खटखट चालली होती. केदारीच्या घरापाशी मात्र आवाज नव्हता. तिथं त्यांचं पाऊल जरा रेंगाळलं; मग ते पुढं गेले.