मशीनवाली

इंदुताईंना एकच धास्ती होती, शामला जाईल. दुसरी कशाची म्हणून नाही. त्यांचा मधुसूदन गेल्यापासून शामलाचा भाऊ दर रविवारी जबलपूरहून फोन करायचा, "शामे, ये इकडे, इथल्या शाळेत तुझ्या नोकरीचं बोलून ठेवलंय." आणि शामला दर वेळी म्हणायची, "मेळा होऊ दे दादा, मग बघू." त्या 'मग बघू'ला धरून इंदुताई दिवस ढकलत होत्या. मुलगा गेला तो गेला, सून तेवढी घरात राहू दे, एवढंच त्या देवापाशी मागायच्या.

आता माणूस राहावं असं वाटतं, तर चार लोकांत त्याला आपलं म्हणायला नको? इथेच तर घोडं पेंड खातं.

इंदुताई हलव्याचे दागिने करायच्या. संक्रांतीला नव्या नवरीला काळ्या साडीवर घालतात, तान्ह्या बाळाला बोरन्हाणाला घालतात, ते. हार, मुकुट, बाजूबंद, सगळं साखरेच्या काटेरी दाण्यांचं. दौलतगंजातल्या घरी शेगडीवर परात ठेवायची, तीळ नाहीतर खसखस टाकायची आणि वर थेंब थेंब पाक सोडत हाताने हलवत बसायचं. बोटं भाजली तरी थांबायचं नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत हलव्याला काटा सुरेख येतो म्हणतात, पण त्या घरात तो यायचा फक्त शामलाच्या हाताला. इंदुताईंचा हलवा गुळगुळीतच राहायचा. त्यांचे यजमान, नाना, हे तोंडावर सांगायचे.

पण ग्वाल्हेरला दर हिवाळ्यात भरणाऱ्या मेळ्यातल्या दुकानावर शामलाने दागिन्याला हात लावायचा नाही, असा इंदुताईंचा दंडक होता. घरात कोण बघतंय? दुकानावर सवाष्णी येतात, नव्या सुनांच्या सासवा येतात. सौभाग्याची वस्तू ती, विधवेचा हात लागला कळलं तर घेईल का कोणी? वा रे वा न्याय! परातीपाशी तोच हात चालतो, गिऱ्हाइकापुढे विटाळतो. शामलाने कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि इंदुताईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ तिला पटलंय असा घेतला.

मग दुकानावर ती आली कशी? तर कार्डाच्या मशीनमुळे. "कार्ड घेत नाही म्हणून चांगलं गिऱ्हाईक परत जातं," अशी नानांची भुणभुण दोन मेळे चालली होती. शेवटी शामलाने बँकेतून मशीन आणलं. ते हाताला जरा सवयीचं होतंय तोवर सरकारने बँका एकमेकींत मिसळल्या. त्यांची बँक दुसरीत गेली, पाटी बदलली, खात्याचा नंबर बदलला आणि जुनं मशीन मुकं झालं. पुन्हा कागद, पुन्हा सह्या, पुन्हा महाराज बाड्याच्या चौकातल्या शाखेत रांग. ते सगळं शामलानेच निस्तरलं. नवीन मशीन आलं तेव्हा नाना हात जोडून म्हणाले, "आमच्याच्याने काही हे होणार नाही. ही बया तूच सांभाळ." म्हणून दुकानात मागच्या बाजूला, खोक्यांच्या आडोशाला, शामलाला एक स्टूल मिळालं. कार्डवालं गिऱ्हाईक आलं की मशीन पुढे करायचं, आकडा टाकायचा, पावती फाडायची. इंदुताई खूश होत्या. सून डोळ्यांसमोर होती आणि लोकांच्या डोळ्यांआड होती.

संक्रांत तोंडावर आली आणि एका दुपारी सुलोचनाबाई आल्या. भोपाळहून बदली होऊन दर्पण कॉलनीत नव्यानेच राहायला आलेल्या, इथल्या मराठी घरांची काही माहिती नसलेल्या. सोबत नवी कोरी सून, मेंदी अजून उतरायची होती. बाईंनी अख्खा संच काढायला लावला. हार, मुकुट, नथ, कंबरपट्टा, शिवाय मुलाला हलव्याचा नारळ. एवढी खरेदी त्या मेळ्यात एकाही गिऱ्हाइकाने केली नव्हती. इंदुताईंचा चेहरा कसा उजळला होता!

"कार्ड चालेल ना?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"चालतं तर! शामला, मशीन आण गं."

मागे रेंज मिळेना. स्क्रीनवर ते चक्र नुसतं गरगरत राहिलं. शामला मशीन उंच धरून खोक्यांच्या बाहेर आली, पुढे उजेडात उभी राहिली. नव्या सुनेने तोवर हार गळ्याला लावून पाहिला होता, पण मागचा दोरा तिच्या हातून निसटत होता. हार खाली पडणार, दाणे फुटणार, एवढ्यात शामलाने मशीन ठेवलं आणि पटकन तिच्या मानेमागे गाठ मारली. दोघी आरशात पाहून हसल्या. एका वयाच्याच तर होत्या.

सुलोचनाबाईंची नजर शामलाच्या गळ्यावर गेली, तिथून कपाळावर गेली.

"या कोण तुमच्या?" त्यांनी इंदुताईंना विचारलं. "नाही, पहिलाच सण आहे हिचा. सवाष्णीच्या हातचं असलेलं बरं, म्हणून आपलं विचारते हो."

सून म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला. मुलगा काय करतो? इंदुताईंना तो प्रश्न दिसला, त्याचं उत्तर दिसलं, काउंटरवर तसाच पडून राहिलेला संच दिसला. आणि तोंडातून निघून गेलं.

"ती होय? ती मशीनवाली. कार्डासाठी पोरगी ठेवलीय आम्ही. आपल्यातली नाहीये ती. थांबा, सोडते ती गाठ, मी मारते पुन्हा."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. हे त्यांना त्याच क्षणी वाटलं, पण हात मात्र गाठ सोडत होते.

शामला बाजूला झाली. तिने मशीन उचललं, आकडा टाकला आणि सुलोचनाबाईंपुढे धरलं.

"मैडम, पिन डाल दीजिए," ती म्हणाली.

हिंदीत. जन्मापासून मराठी बोललेली पोर, सासूचं खोटं उघडं पडू नये म्हणून हिंदीत बोलली. पावती निघाली तशी ती इंदुताईंच्या हातात देऊन म्हणाली, "लीजिए आंटीजी, हो गया," आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

सुलोचनाबाई समाधानाने गेल्या. इंदुताई काउंटर आवरत राहिल्या, मागे खोक्यांकडे मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.

परतताना टेम्पोत दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या. महाराज बाड्यापाशी इंदुताई बोलल्या, तेही भलतंच. "अगं, गिऱ्हाईक गेलं असतं गं."

"हो," शामला म्हणाली.

"चुकलं माझं. पाया पडते तुझ्या. दुकानावर कोणी विचारलं की माझ्या काळजात धस्स होतं बघ. मधू नाही हे बोलवत नाही मला."

"मला तरी कुठे बोलवतं, आई?" शामलाचे डोळे भरले होते, आवाज मात्र शांत होता. "माझा राग नाही. तुम्ही मला कोण म्हणता, याची मी दोन वर्षं वाट बघत होते. मी इथली कोण, ते मलाच कळत नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत."

"असं नको गं बोलू. जाऊ नकोस."

"तुम्हाला मशीन शिकवते आणि मग जाते. अर्धवट टाकून नाही जाणार."

झालं! बुडत्याला काडीचा आधार. शिकेपर्यंत जाणार नाही ना? मग शिकतंय कोण!

दुसऱ्या दिवसापासून इंदुताईंनी जे सोंग वठवलं, ते काय विचारता! शामला सांगायची, "इथे रक्कम, मग हिरवं बटन." इंदुताई लाल दाबायच्या. कार्ड उलटं घालायच्या. पावतीचा कागद वाकडा बसवायच्या आणि कपाळावर हात मारायच्या, "म्हातारीच्या डोक्यात शिरत नाही बाई!" शामला न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायची. "एवढी सुरेख पुरणपोळी करतेस आणि एक बटन कळत नाही?" नाना करवादायचे. इंदुताईंना मनातून गोड वाटायचं. आज गेला दिवस, उद्याचाही जाईल. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा शामला म्हणाली, "अजून जमत नाहीये रे त्यांना." इंदुताईंनी तेव्हा देवाला साखर ठेवली.

संक्रांत झाली. बोरन्हाणाची गिऱ्हाइकं सुरू झाली. एका सकाळी शामला चहा आणायला गेली असताना एक तरुण आई आली. कडेवर किरकिरं बाळ, बाहेर रिक्षा थांबवलेली. "हा बाळाचा सेट द्या, काकू. कार्ड घेता ना? पटकन हं, नाहीतर समोर घेते."

इंदुताईंनी मशीन ओढलं. रक्कम टाकली, कार्ड सरळ बाजूने घातलं, पिन घेतला, हिरवं बटन दाबलं. कुठे अडलं नाही की चुकलं नाही. पावती निघाली, ती त्यांनी टर्रकन फाडली आणि मान वर केली.

शामला दोन कप घेऊन समोर उभी होती.

"जमलं की, आई," ती म्हणाली.

"नाही गं! चुकून, चुकून झालं ते. उद्या बघ, उद्या पुन्हा विसरेन मी…"

"गिऱ्हाईक होतं ना समोर," शामला हळूच म्हणाली. तिने कप काउंटरवर ठेवले, सासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि फोन काढला.

तेव्हा इंदुताईंनी बाळाच्या त्या अनोळखी आईचा हात गच्च धरला. "ही माझी सून आहे हो," त्या रडत रडत म्हणाल्या. "माझ्या मधुसूदनची बायको. हा हलवा हिच्याच हातचा आहे. माझी सून आहे ही."

त्या मुलीने तर काही विचारलंच नव्हतं. तिने गोंधळून मान हलवली, हात सोडवून घेतला, पिशवी उचलली आणि रिक्षाकडे धावली.

"दादा," शामला फोनवर सांगत होती, "ये तू. हो, जमलं त्यांना."