आत्याचा मान

झोळीचा तराजू. काटा मध्येच अडकणारा.

सहा गावं, एकशे अठरा पोरं, एक तक्ता.

न उघडलेले संदेश: अकरा.

एक रिकामी चौकट, वर लिहिलेलं: नाव.

शिवमने मोबाइल पुढे धरला तेव्हा गोमतीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पडद्यावर त्याने संगणकासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, मॉड्यूलचं पान होतं. तक्ता दिला की ते गावागणिक एकपानी अहवाल काढून द्यायचं. मंगळवारपासून ते कुणालाही फुकट घेता येत होतं, हवं तसं बदलता येत होतं.

"वाशीमले बसून हेच करून राह्यला होता काय सा मयने?"

"हेच."

"नाव काय ठेवलं मंग?"

"शीट-रिपोर्ट-दोन."

"दोन कायले? एक कुठी गेलं?"

"एक बिघडलं होतं, आई."

"मंग थे लोकायले सांगाची काय गरज?"

शिवम हसला. समोर बसलेली सुप्रिया हसली नाही.

त्याची ही मोठी बहीण अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. मॉड्यूल सुरू झालं ते तिच्या महिन्याच्या अहवालासाठी. वजन घटलेलं पोर यादीत सगळ्यांत वर यावं, हा हट्ट तिचा. "जे खाली गेलं, थेच वरतं दिसलं पाह्यजे," ती म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यासाठी शिवमने अर्धं काम पुन्हा लिहिलं होतं. तेव्हाच ठरलं होतं: शिवम बाप, म्हणून ती आत्या. बारशाला नाव आत्या ठेवते.

मग रोज सकाळी तिच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. हा रकाना रुंद कर, तो रंग नको. शेवटच्या आठवड्यात त्याने तिचे संदेश उघडणंच सोडलं. वाचले की आणखी दोन दिवस जाणार.

"ताई, तू सांग नाव. बदलतो मी."

"बदलते काय?"

"नव्या नावानं पुन्हा टाकता येते. पण ज्यायनं घेतलं, त्यायच्याकडं हेच राहीन. चाळीस जणायनं घेतलं."

"मंग राहू दे." तिने फोलपटं टोपलीत टाकली. "बारसं झाल्यावर आत्याले कोन इचारते?"

गोमतीबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग लेकाकडे. बावीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. झोळीत पोर ठेवायचं, रडणं थांबेपर्यंत धरून राहायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. लिहायचं दुसऱ्या कुणी. आताही त्यांनी ओंजळभर दाणे उचलले, सवयीने जरा वर-खाली केले आणि सुपात ओतले.

शिवमने मान खाली घालून संदेश उघडले. दहा दुरुस्त्या.

अकराव्यात एकच शब्द. गोमती.

"कोनाचा हाय?" आईने विचारलं.

"कामाचा."

त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि शेंगांचा ढीग आपल्याकडे ओढला. सुप्रियाने जरा सरकून त्याला जागा दिली. त्याच्या हातून दाणे फुटत होते.

"हळू," आई म्हणाली. "घाई कायची हाय?"

अकरावा संदेश मंगळवारी सकाळी नऊला आला होता. मॉड्यूल त्याने दुपारी बाराला प्रसिद्ध केलं.