नात्याचा रकाना

माझं डोकं लवकर तापतं, हे भोपाळच्या आमच्या पिपलानीत कुणालाही विचारा. भाजीवाला मला लांबून बघतो आणि चांगले टोमॅटो आधीच वर काढून ठेवतो. पण खोटं बोलायची सवय मला नव्हती. आयुष्यात एकदाच धडधडीत खोटं बोलले, आणि तेही डॉक्टरांशी.

मधुरा माझी सून, आणि माझ्या सख्ख्या भावाची, नागपूरच्या भालचंद्रची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं, कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या मुलाला, अजिंक्यला, ती आवडायची आणि मला तर ती फ्रॉकात होती तेव्हापासूनच हवी होती. पण इथल्या शेजारणीनं, सुधा भाभीनं, दुसऱ्याच कुणाच्या अशा लग्नाबद्दल ऐकून कानाला हात लावले होते, हमारे यहाँ तो वो बहन होती है म्हणून. तेव्हापासून मी तोंड शिवून घेतलं. भोपाळात मधुरा म्हणजे नागपूरची एक मुलगी, बस.

दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला. तीन दिवस छान होता, चौथ्या दिवशी दूध ओढेना, अंग टाकून पडून राहिला. साकेत नगरला दवाखान्यात नेला. मधुरा टाक्यांमुळे घरी निजलेली, अजिंक्य औषधं आणायला धावलेला. डॉक्टरांनी मला विचारलं, आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? शेजारी दोन अनोळखी बायका कान टवकारून उभ्या होत्या. मी म्हटलं, छे हो. मेल्या लाजेला काय म्हणावं!

जंतुसंसर्ग धरून उपचार झाले. नवव्या दिवशी बाळ गेलं, बारशाआधीच. रक्ताचा अहवाल मागाहून आला. दुधातलं प्रथिन शरीराला नीट वापरता यावं म्हणून जे एक द्रव्य लागतं, ते त्याच्यात बनतच नव्हतं. आई आणि वडील, दोघांकडून एकच दोष आला तरच हा आजार होतो म्हणे. मग या दोघांचंही रक्त तपासलं, आणि दोघांत दोष निघाला. नात्याचं त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही, फाईलमध्ये माझं उत्तर लिहिलेलं होतंच.

आता मधुराला पुन्हा दिवस गेले. सोळावा आठवडा लागला तेव्हा डॉक्टर मंजूषा मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. पोटातलं गर्भजल सुईनं काढून तपासायचं. बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. मग त्या जुनी फाईल चाळत म्हणाल्या, "दोघांत हुबेहूब तोच दोष आणि नातं काही नाही. योगायोगच म्हणायचा."

"योगायोग कसला?" मी म्हटलं. "ही माझ्या भावाची मुलगी आहे. त्या दिवशी मीच खोटं सांगितलं."

मधुरानं तोंड फिरवलं. खरं सांगितलं असतं तर बाळ वाचलं असतं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या खोटा दिलासा देणाऱ्या नव्हत्या. योग्य तपासणी कदाचित दोन दिवस आधी झाली असती, म्हणाल्या, तरी वाचलं असतंच असं नाही. त्यांनी माझ्यासमोर फाईलमधल्या नात्याच्या रकान्यातलं ‘नाही’ खोडलं.

त्यानंतर तीन दिवस मधुरा माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार होते?

सुईच्या दिवशी आत एकालाच सोडत होते. अजिंक्य उठला, तर मधुरा म्हणाली, आत्या येईल. आत पडद्यावर बाळ हात हलवत होतं. मॅडम त्याच्याकडे बघत बघत, त्याला चुकवून सुई घालत होत्या. नळीत पिवळसर पाणी चढू लागलं. मधुरानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या.

"आत्या, मला तुझा खूप राग आलाय," ती म्हणाली. "पण आत्ता मला तूच हवी आहेस."

पाणी तपासायला दिल्लीला गेलं. अठरा दिवस मी सगळ्यांवर डाफरत होते. दूधवाला, बसवाला, अजिंक्य, कुणी सुटलं नाही. मधुराला तेवढं काही बोलले नाही. तिचे पाय चेपताना मनात एकच होतं, देवा, पुन्हा हिची कूस रिकामी करू नकोस.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. बाळाला आजार नव्हता. आई-बाबांसारखा एकेरी दोष तेवढा होता, त्यानं त्याला स्वतःला काही व्हायचं नव्हतं. त्याच्या लग्नाच्या वेळी लक्षात ठेवा, एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी पोळपाटापाशीच बसून हमसून हमसून रडलो.

मग नाक पुसत मधुरा म्हणाली, "लग्नाच्या वेळी बाळाला हे तू सांगायचंस. फक्त आजाराचं नाही, त्या दिवशी तू काय केलंस तेही."

अगं, मी चौसष्टची, तोवर मी कुठली राहते, असं मी म्हटलं.

"राहायचं," ती म्हणाली. "माझा राग अजून गेलेला नाही." आणि पिठाच्या हातांनी मला धरून तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं.