तांबड्या दिव्यांखालची घोडी

सुनेनं पागेच्या कोपऱ्यातल्या खणात छताला तांबडे दिवे बसवून घेतले, तेव्हा मास्तर तिला एका शब्दानं काही बोलले नाहीत. मुलाला तेवढं बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, की घोडीची पाठ दुखतेय की घोडीचं लग्न ठरलंय.

मास्तरांनी उभा जन्म लोकांना घोड्यावर बसायला शिकवण्यात घालवला होता. दौडून आलेल्या जनावराला सावकाश फिरवून थंड करायचं, पाय गार पाण्यानं धुवायचे, खरारा करायचा आणि मग पाठ चोळायची, ही त्यांची रीत. सून घोड्यांची डॉक्टर. लग्न होऊन घरात आली तशी ती पागेतही आली. दोघांचं भांडण कधीच झालं नाही, कारण दोघं एकमेकांशी बोलतच नसत. घोड्यांचे ओट्स भिजवायचे का, हे ती नवऱ्याला विचारायची आणि भिजवलेत, हे मास्तर मुलाला सांगायचे. बिचाऱ्याचा पार निरोप्या झाला होता.

तोच मुलगा ठिणगी या घोडीला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करत होता. घोडी पळायला वाऱ्यासारखी, पण मोठी दौड झाली की दुसऱ्या दिवशी तिची पाठ आखडायची. खोगीर दिसताच ती कान पाडायची. मागच्या शर्यतीत तर डॉक्टरांनी मधल्या तपासणीतच पाठ दुखते म्हणून तिला बाद केलं होतं. दमलेले स्नायू तांबड्या उजेडानं सैल होतात असं सुनेनं वाचलं होतं. पुरावा अजून कच्चा आहे, पण अपाय काही नाही, तेव्हा करून बघू, असं तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं.

पण ठिणगी खणात पाऊल टाकेना. दिवे लागले तशी ती फुरफुरली, मागे सरली आणि एका हिसड्यात दोर सोडवून, बादल्या लाथाडत अंगणभर फिरली. मुलाचे तळहात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी सुनेनं गाजरं दाखवून पाहिली. घोडीनं मान लांब करून गाजरं तेवढी खाल्ली, पाय जिथल्या तिथे.

बाकावर बसून हे बघणं मास्तरांना जड जात होतं. शेवटी ते उठले आणि त्यांनी दोर हातात घेतला. दिवे बंद होते. तिच्या मानेवर हात ठेवून, तोंडानं काहीबाही पुटपुटत ते तिला आत घेऊन गेले. निरोप द्यायला मुलगा जवळ नव्हता, तो मुलांना घोड्यावर बसायला शिकवायला गेला होता.

"एकच दिवा लाव," ते म्हणाले. "टोकाचा."

"लावते, बाबा."

दिवा लागला. घोडी थरथरली, पण मास्तर तिथेच उभे होते म्हणून तीही राहिली. सून तिच्या कानांकडे बघत होती. कान दिव्याकडे नव्हते, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे रोखलेले होते. तिथे घोडीचीच सावली हलत होती. सुनेनं काळं कांबळं आणून भिंतीवर टांगलं. ठिणगीनं मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली. मग एकेक करत सगळे दिवे लागले.

त्या दिवसापासून दौड झाली की मास्तर, सून आणि घोडी असे तिघं त्या खणात. मास्तर तोंडाशी नसले की घोडी नाचायची, म्हणून त्यांना सुटका नव्हती, आणि दिवे ठरल्या वेळी आपोआप बंद होईपर्यंत गप्प तरी किती बसणार? आधी घोडीबद्दल बोलणं झालं. पाठ कुठे धरते, हे दाखवायला त्यांनी सुनेचा हात धरून त्या जागी टेकवला. तिनं त्या स्नायूचं नाव सांगितलं.

"नाव ठाऊक नव्हतं," मास्तर म्हणाले, "पण स्वभाव चांगलाच ठाऊक आहे."

ती हसली. मग इतर गोष्टी निघाल्या. लहानपणी तिला घोडा चावला होता आणि कितीतरी दिवस ती रस्त्यानं जाताना घोडा दिसला की आईच्या पाठीमागे लपायची. मास्तरांनी आपल्या बायकोबद्दल सांगितलं. घोड्यांचा वास घरात नको म्हणून ती साबण दाराबाहेरच ठेवायची आणि सणकून ओरडायचीही. सुनेनं सासूला पाहिलं नव्हतं. ती खोदून खोदून विचारत राहिली आणि मास्तर सांगत राहिले. डोक्यावरचे दिवे कधी बंद झाले, हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. घोडी खालचा ओठ लोंबकळत सोडून डुलक्या घेत होती.

शर्यतीत ठिणगी काही पहिली आली नाही. मधल्या घोळक्यात आली. पण शेवटच्या तपासणीत शर्यतीच्या डॉक्टरांनी तिची पाठ दाबली, तेव्हा तिनं वळून त्यांचा खिसा हुंगला. मग तिला दुडक्या चालीनं पळवून दाखवायला सांगितलं, तर अशी डौलात गेली की मुलालाच तिच्यामागे धावता धावता धाप लागली. डॉक्टरांनी हसून मान डोलावली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

गाडीत मुलानं विचारलं, हे दिव्यांनी झालं की बाबांनी पाठ चोळल्यानं?

"मला नाही सांगता येणार," सून म्हणाली.

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. "पण आपला पांढऱ्या अलीकडे मागचा पाय ओढतो. त्याला कशानं बरं वाटतं ते बघू या, सूनबाई."

तिनं सकाळीच बघू म्हटलं. पांढऱ्या हा म्हातारा, लहान मुलांना पाठीवर घेऊन फिरणारा शांत घोडा. सकाळी मास्तर त्याला घेऊन आले, तोवर सुनेनं खण झाडून ठेवला होता आणि मास्तरांसाठी एक खुर्चीही आणून ठेवली होती.