आयव्हरच्या चालीला वापर नव्हता

मी ग्रामोफोनची एकोणीस नंबरची तबकडी, हिरव्या कव्हरातली. दुकानात मला कुणी पाहिलेलं नसणार. आमच्या कंपनीच्या तबकड्या विकायला नसतच. चित्रपटवाले, जाहिरातवाले आमच्यातून संगीताचा हवा तेवढा तुकडा उचलायचे आणि चित्रामागे लावायचे.

लंडनमध्ये, सोहोत, एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, एवढीच आमची कंपनी. टॅपस्कॉटबाई मालकीण आणि आयव्हर पेंगेली चाली बांधणारा. कंपनी मोठी वाटावी म्हणून तो खोट्या नावांनी लिहायचा. बाई प्रत्येक चालीपुढे तिचा वापर टाइप करायच्या: ‘कारखाना, हलकी यंत्रं’, ‘नदीकाठ, सुट्टी’.

नवी चाल लावून बाई इस्त्री करत. हात थांबला की चाल नापास! “लोकांनी चित्र बघायचं, आयव्हर. चालच ऐकत बसले तर आपल्याला कोण विचारील?”

त्याच्या एका चालीला मात्र बाईंचा हात दर वेळी थांबायचा. क्लॅरिनेटची साधीच चाल, पण थांबायचा. हाही हट्टी. दर वर्षी तीच चाल नव्या नावानं आणायचा.

“हा हर्बर्ट स्लेड कोण?”

“नवा आहे, बाईसाहेब. लाजतो जरा.”

“गेल्या वर्षी हिचा बाप रॉजर फेन होता. किती बाप आहेत रे या पोरीला?”

“तुम्ही घेईपर्यंत होत राहतील.”

सहाव्या वर्षी त्यानं कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. “आत्ता खरं बोललास. घेते.”

अशी ती माझ्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यात शेवटी आली. वापर काय लिहावा ते बाईंना सुचेना. जागा कोरीच राहिली, म्हणून ती चाल कुणी उचललीही नाही. आयव्हरच्या बाकीच्या चाली साबणांमागे, स्वयंपाकाच्या कार्यक्रमांमागे वाजत राहिल्या. ही ऐकली जाण्याची वाट बघतच तो गेला.

पुढे मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. “वापर नसलेलं आम्ही ठेवत नाही,” म्हणत त्यांनी त्या चालीची मूळ टेप पुसली. एकोणीस नंबरच्या बाकीच्या प्रतीही कचऱ्यात गेल्या. माझ्या माहितीत आता मीच उरले आहे.

बाई आज सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. लंडनमध्येच, लुइशमला तिसऱ्या मजल्यावर राहतात. दर रविवारी अकराला खिडकी सताड उघडतात आणि माझ्यावरची ती शेवटची चाल पूर्ण आवाजात लावतात.

“मिसेस टॅपस्कॉट, कानाला काही झालंय का? पार बसस्टॉपपर्यंत ऐकू जातंय!” शेजारच्या मिसेस डेलिसर जिन्यातून ओरडतात.

“जाऊ दे की! त्यासाठीच लावलंय.”

गेल्या रविवारी दार वाजलं. मिसेस डेलिसर उभ्या होत्या, हातात पळी तशीच. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

“मी मधूनच ऐकलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून लावा ना.”

आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

माझ्या खाचा झिजल्यात, खरखर वाढलीय. पण चाल अजून शाबूत आहे आणि मी ती सोडणार नाही. उतरवून घ्यायचं यंत्र कुणाकडे असेल तर रविवारी घेऊन या. लिफ्ट नाही, तरी या.