सात मोजेपर्यंत

"सात म्हटलं की वळायचं. आठ म्हणायचंच नाही," असं पुटपुटत मल्हारीने काठ्या बर्फात रोवल्या आणि स्वतःला उतारावर सोडून दिलं.

एक, दोन, तीन. चारला कानाशी वारा घोंगावला. पाच, सहा, आणि सात म्हणताच गुडघे वाकले, टाचा बाहेर गेल्या, पायातल्या दोन्ही स्की आडव्या झाल्या. समोरच्या निळ्या गाद्यांच्या भिंतीपासून हातभर अंतरावर तो थांबला. खाली उभा असलेला बिष्ट नेहमीप्रमाणे म्हणाला, "बिल्कुल परफेक्ट, भाईसाहब. गद्दे को आज भी हाथ नहीं लगाया."

गाझियाबादच्या त्या मॉलमध्ये सगळ्यांत वरच्या, म्हणजे पाचव्या मजल्यावर हा बर्फाचा हॉल होता. नाव हिमलोक. जूनमध्ये दिल्लीकर इथं गारठायला रांगा लावत, आणि आता जानेवारीत, फुकटचा गारठा घरात शिरलेला असताना, कुणी फिरकत नसे. उतार जेमतेम पन्नास मीटरचा. बिष्ट मूळचा जोशीमठचा, तो इथं स्की शिकवायचा. आणि मल्हारी खंडागळे हा बर्फ बनवायचा.

मल्हारी तासगावचा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनची कामं शिकला, एका ठेकेदाराबरोबर दिल्लीला आला आणि पाच वर्षांपूर्वी इथं लागला. पाईप, पंखे, कॉम्प्रेसर, सगळं त्याच्या ताब्यात. एका सकाळी बर्फ कडक झालाय का ते बघायला बिष्टने त्याला गमतीने स्की बांधून दिल्या. मल्हारी सरळ पाठीवर आपटला. उठला आणि म्हणाला, "एक बार और." तेव्हापासून रोज सकाळी, मॉल उघडायच्या आत, अर्धा तास. गुरुदक्षिणा म्हणून गावाहून येणाऱ्या बेदाण्यातला मोठा वाटा बिष्टच्या खिशात जायचा.

शिकायला येणाऱ्या मुलांना हिमलोकवाले एक छापील कार्ड भरायला देत. वर 'मेरा लक्ष्य' आणि खाली तीन ओळी: एक साल, पाँच साल, दस साल. मुलं तिन्ही ओळींत ऑलिम्पिक लिहून मोकळी होत. बिष्टने एक कार्ड मल्हारीच्याही हातात ठेवलं होतं. मल्हारीने ते चार दिवस शर्टाच्या खिशात वागवलं आणि मग, शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या सुवाच्य अक्षरात, मराठीत भरलं. एक वर्ष: न पडता थांबणे. पाच वर्षं: खरा डोंगर, वरपासून खालपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता. दहा वर्षं ही ओळ भरताना तो लाजला, म्हणून ती पेन्सिलीने लिहिली: जिथं बर्फ आपोआप पडतो तिथं राहणे.

हे कार्ड त्याने कॉम्प्रेसरच्या खोलीत, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तिथं त्याच्याशिवाय कुणाचा हात जात नसे.

पहिली ओळ दहा महिन्यांत पुरी झाली. दुसरीचं घोडं अडलं ते रजेवर. मल्हारी एकदा चुलत्याच्या तेराव्याला गावी गेला, तर मागे कॉम्प्रेसर बंद पडला आणि अर्धा उतार गटारात वाहून गेला. त्यानंतर मॅनेजर सुरुची मॅडम त्याच्या रजेच्या अर्जाकडे पाहायच्या आणि गोड हसून म्हणायच्या, "मल्हारी जी, आप जाएँगे तो बर्फ़ भी चली जाएगी." बर्फ बनवतो म्हणून त्याला बर्फ बघायला जाता येत नव्हतं. चार हिवाळे असेच गेले.

त्या दिवशी मात्र गाद्यांपाशी उभं राहून बिष्ट म्हणाला, "सुना आपने? मार्च एंड को बंद. यहाँ बच्चों के कूदने वाले झूले लगेंगे. मैं तो इसी हफ़्ते घर जा रहा हूँ. आप फ़रवरी में आ जाओ औली. मेरे घर रुकना."

"छुट्टी?"

"अब किस बात की छुट्टी रोकेंगे, यार? पिघलने दो."

खोडा कॉलनीतल्या दोन खोल्यांत संध्याकाळी मल्हारीने विषय काढला. शेवंता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"डोंगर चढायला लोक जातात, ते ऐकलंय मी. उतरायला कोण जातं?"

"मी जातो."

"आणि नोकरीचं?"

"बघितलीय. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. एक एप्रिलपासून." तो जरा घुटमळला. "पानिपतच्या बाजूला आहे."

"झालं! मराठी माणसाला नोकरीसुद्धा मिळाली ती पानिपतला!" शेवंता म्हणाली. आठवीतली शिवांजली वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मी, जाऊ दे ना पप्पांना. त्यांचं ड्रीम आहे यार." यार म्हटल्याबद्दल तिला रट्टा मिळाला आणि मल्हारीला परवानगी. निघताना शेवंताने लसणाची चटणी बांधून दिली, स्वतःचा जाड स्वेटर त्याच्या पिशवीत कोंबला आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "नीट उतरा."

हरिद्वारपर्यंत एक बस, पुढे जोशीमठची दुसरी. दुसऱ्या सकाळी खुर्चीच्या लिफ्टने बिष्टबरोबर तो वर औलीच्या उतारावर पोचला आणि पाहतच राहिला. एवढा बर्फ, आणि त्यातला चिमूटभरही त्याने बनवलेला नव्हता. त्याने हातमोजा काढून मूठ भरली. त्याचा बर्फ खडबडीत, किसलेल्या साबणासारखा. हा मऊ होता, बोटांत लगेच विरघळला. कुठं मशीनची घरघर नाही. इतकी वर्षं ती घरघर कानात घेऊन जगलेल्या माणसाला ती शांतता सोसवेना. डोळे भरून आले, तेव्हा त्याने वाऱ्यावर ढकललं.

"चलो भाईसाहब," बिष्ट म्हणाला. "नीचे तक खुला पड़ा है. मैं पीछे से वीडियो बनाता हूँ."

मल्हारीने स्वतःला सोडून दिलं. एक, दोन, तीन. वारा आला, खरा वारा, देवदारांचा वास घेऊन. छाती फुटेल इतका आनंद झाला. पाच, सहा, सात.

गुडघे वाकले, टाचा बाहेर गेल्या, स्की आडव्या झाल्या. तो थांबला होता.

"रुके क्यों?" मागून येऊन बिष्टने विचारलं.

"पता नहीं," मल्हारी म्हणाला. खरंच माहीत नव्हतं. समोर जवळजवळ किलोमीटरभर उतार मोकळा पसरला होता. गाद्यांची भिंत तीनशे मैलांवर गाझियाबादला होती.

तो पुन्हा निघाला आणि सातला पुन्हा थांबला. हसू आलं, बिष्टही हसला. दहाव्या वेळी कुणी हसलं नाही. मल्हारीने मोजणं सोडून पाहिलं, आकडे लांबवून पाहिले, मोठ्याने गणपतीची आरतीसुद्धा म्हणून पाहिली. सुखकर्ता, दुःखहर्ता मजेत चालायचं आणि वार्ता विघ्नाची येईपर्यंत पाय आपोआप आडवे. तोंड काही म्हणो, पाय आपलं मोजत होते. पहिल्या खेपेला तो एकवीस वेळा थांबला. तीन दिवसांत नऊ खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला चौदा वेळा थांबला, पण न थांबता एकदाही नाही. सहा-सात वर्षांची पहाडी पोरं त्याच्या बाजूने ओरडत, वेडीवाकडी, थेट खालपर्यंत जात होती.

बसस्टँडवर बिष्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ग़लती मेरी है. मैंने आपको रुकना ही सिखाया. वहाँ और सिखाता भी क्या?"

घरी येऊन मल्हारीने सांगितलं, "मस्त झालं. एकदम मस्त." शेवंताने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं.

पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिष्टने तो व्हिडिओ पाठवला, आणि फोन होता शिवांजलीच्या हातात. आधी ती ओरडली, "मम्मी, बघ बघ, पप्पा!" मग हळूहळू गप्प झाली. मग तिने तो मागे घेऊन परत लावला.

"पप्पा, तुम्ही सारखे थांबताय. दर सात सेकंदांनी. सच्ची, मी मोजलं. का?"

मल्हारी मान खाली घालून बसला. आता लपवून काय होणार होतं? त्याने कार्डापासून सगळं सांगितलं. पेन्सिलीने लिहिलेली ओळ तेवढी गाळली. शेवंता गव्हातले खडे निवडत ऐकत होती.

"पण खाली तर पोचलात ना?" ती म्हणाली.

"पोचलो. तसं तर चालतसुद्धा पोचलो असतो."

तिने आणखी दोन खडे वेचले. ताट बाजूला सारून मग म्हणाली, "परवा बंद करणार ना ते? शिवूला घेऊन जा सकाळी. इतकी वर्षं झाली, तिने तुम्हाला त्या फळ्यांवर समोर कधी बघितलंच नाहीये."

एकतीस मार्चच्या सकाळी मॉल उघडायला अजून दोन तास होते. सरकते जिने बंद होते, दुकानांची शटरं खाली होती. बापलेक सर्व्हिस लिफ्टने वर आले. सुरुची मॅडमनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं: आठ वाजता मशीन बंद करा, पाणी उतरायला दोन दिवस लागतील, आणि हो, तुमची ती जुनी स्कीची जोडी लिलावात घालत नाही, घेऊन जा. देताना त्या हसल्या होत्या, पण त्यांनी दिली, एवढं खरं.

शेवंताच्या स्वेटरमध्ये गुरफटलेली शिवांजली खाली गाद्यांच्या बाजूला उभी राहिली. मल्हारी वर गेला. वरून पोर किती लहान दिसत होती, आणि तो उतारही. औली बघून आल्यापासून तो त्याला अंगणाएवढा वाटायला लागला होता. तरी हा त्याचा होता. यातला कण न् कण त्याने बनवला होता, उसवलेल्या गाद्या त्याने स्वतः दाभणाने शिवल्या होत्या. आणि पाच वर्षांत त्या गाद्यांना एकदाही अंग लागू दिलं नव्हतं.

"पप्पा, चलो!"

एक. दोन. तीन. आज तो मोठ्याने मोजत होता, आणि हॉलमध्ये आवाज घुमत होता. चार. पाच. सहा. सात म्हणताच गुडघे सवयीने वाकू लागले. मल्हारीने दात आवळले, पाय सरळ धरले, इतके की पोटऱ्या थरथरल्या.

"आठ!"

निळी गादी धाडकन छातीवर आली. एक स्की सुटून भिरभिरत गेली, टोपी उडाली, आणि मल्हारी गादीत खांद्यापर्यंत रुतून बसला.

"पप्पा! लागलं का?" शिवांजली धावत आली. "थांबला का नाहीत?"

"नाही थांबलो," तो म्हणाला. त्याच्या ओठातून थोडं रक्त येत होतं आणि तो हसत होता. "बघितलंस ना? थांबलो नाही."

"बघितलं."

"मम्मीला सांग."

कॉम्प्रेसरच्या खोलीत जाऊन त्याने पॅनेलचं दार उघडलं आणि नखाने कडा सोडवत कार्ड काढलं. शिवांजली पाठीमागून वाचत होती. तिला मराठी सावकाश वाचता यायचं. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिने बापाकडे पाहिलं. मल्हारीने खिशातली पेन्सिल काढली. पाच वर्षांच्या ओळीपुढे बरोबरची खूण करायला हात गेला होता, तो त्याने आवरला. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: आठपर्यंत आलो. मग कार्ड खिशात घातलं आणि मुख्य स्विच खाली ओढला.

घरघर हळूहळू खाली आली आणि थांबली.

"कितनी शांती है," शिवांजली म्हणाली.

"तिकडं अशीच असते."

सर्व्हिस लिफ्टकडे वळायचं सोडून तो सरकत्या जिन्याकडे निघाला. जिने अजून बंदच होते. शिवांजलीकडे काठ्या आणि हत्यारांची पिशवी, त्याच्या खांद्यावर स्कीची जोडी, आणि स्कीवरचा बर्फ वितळून पाठीवर ओघळत होता. पाचवा मजला, चौथा. बंद जिन्याच्या पायऱ्या उंच असतात, गुडघ्याला कळतात. तिसऱ्या मजल्यावर साफसफाईच्या बायका लादी पुसता पुसता बाजूला झाल्या आणि त्या लांबलचक फळ्यांकडे बघत राहिल्या.

"पप्पा, हात दुखतोय. जरा थांबू या ना."

मल्हारीने तिच्याकडची पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवून घेतली.

"खाली गेल्यावर," तो म्हणाला, आणि पुढची पायरी उतरला.