मुकादमाने लावलेलं घर

मुकादमाने जन्मभर दुसऱ्यांची घरं हलवली. कपाटं, पलंग, आरसे, एकदा तर एका वकिलाची भिंतभर पुस्तकं; पण त्याच्या हातून कधी कपाचा कान तुटला नाही. कामाच्या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे. सामान नुसतं पोचवून काय उपयोग, घर लावून द्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. जुन्या घरात कुठली वस्तू कशाच्या शेजारी, भिंतीपासून किती विती, हे तो आधी डोक्यात भरून घ्यायचा आणि नव्या घरात तस्संच मांडायचा. पहिल्या सकाळी घरातल्या बाईला चहाला साखर शोधावी लागली, तर आपलं काम फसलं असं तो धरायचा.

डोंगरातलं ते छोटं गाव त्याला कामामुळेच सापडलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं सामान पोचवायचं होतं आणि त्या खेपेला बायको हट्टाने ट्रकमध्ये शेजारी बसली. वळणावळणांनी तिला अगदी नकोसं झालं. पण वर पोचून जी उतरली, ती समोरच्या डोंगराकडे बघतच राहिली. उतरती छपरं, एक रस्ता, एक दुकान, एक दवाखाना. संपलं गाव.

"म्हातारपणी इथेच राहायचं," ती म्हणाली. "जगाची घरं लावलीत, आता एक माझं लावा."

"लावू की!" तो म्हणाला. मुकादम बोलायचा कमी, पण बोलला की शब्दाला जागायचा.

पुढे निवृत्तीसाठी दोघांनी इतर जागाही बघितल्या, नाही असं नाही. समुद्राकाठची हवा तिच्या सांध्यांना मानवेना. लेकीच्या शहरात जाऊन जावयाच्या डोक्यावर बसणं त्याला पटेना. शेवटी डोंगरावरच शिक्कामोर्तब झालं आणि तिथे दोन खोल्यांचं घरही घेतलं. नेमकं तेव्हाच बायकोचं डोकं तिला दगा देऊ लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग सांगायला घेतलेली गोष्ट अर्ध्यावरच निसटायला लागली. शिवणयंत्रावर हात मात्र पूर्वीसारखेच चालायचे, आणि ओळखीच्या घरात पाय तिला बरोबर नेऊन सोडायचे.

लेक फोनवर काकुळतीला आली. "बाबा, आईला आता हलवू नका हो. त्या घरात ती डोळे मिटून वावरते. नव्या जागेत हरवून जाईल."

"घर हलवायचं कसं, हे तू मला शिकवणार?" मुकादम म्हणाला. "तुझ्या आईने धडधाकट असताना मागितलंय हे. आता ती विसरली, म्हणून मीही विसरू?"

जुनं घर विकलं गेलं आणि परतीचे दोर कापले गेले.

मग मुकादमाने आयुष्यातलं सगळ्यात चोख काम केलं. डोंगरावरच्या घरातलं स्वयंपाकघराचं दार त्याने सुताराला डावीकडे घ्यायला लावलं. सुतार म्हणाला, "काका, दार चांगलं आहे की!" मुकादम म्हणाला, "दार चांगलंच आहे, जागा चुकली आहे त्याची." भिंतींना जुन्या घराचा तोच उदास हिरवा रंग दिला, पडदे तेच, कपाट त्याच कोपऱ्यात, आणि बिजागरीत तेल घालू दिलं नाही, कारण जुन्या घरी ती करकरायची. गावातली माणसं हसली. हसोत बापडी.

पहिल्या सकाळी बायको उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि एकही चुकीचा डबा न उघडता तिने दोन कप चहा केला. मुकादमाने लेकीला फोन लावला. "शोधली नाही गं साखर तिने! एकदाही नाही!"

चहा झाल्यावर तिने पिशवी घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोरा आणायचा होता. तिने बाहेरचं दार उघडलं. समोर गल्ली नव्हती. उतार होता, धुकं होतं आणि अंगावर आल्यासारखा तो डोंगर होता. तिने दार घाईघाईने लावून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "आपली गल्ली कोणी नेली?"

"अगं, आपण डोंगरात राहायला आलोय. तूच नव्हतंस का म्हटलं?"

तिने भिंतींकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं. "आलो कुठे? घरातच तर आहोत!"

मग रोज तेच. रोज पिशवी, रोज दार, रोज तीच घाबरगुंडी. हळूहळू ती दाराकडे जायचीच बंद झाली. खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढून बसू लागली. ज्या डोंगरासाठी आलो, त्यालाच ती भ्यायला लागली! मुकादमाने कपाळावर हात मारला. घर परकं दिसलं असतं, तर निदान आपण कुठेतरी आलोय हे तरी तिला कळलं असतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आणि हे दुसऱ्या कुणाच्या हातून नाही, त्याच्याच हातून झालं होतं.

एका दुपारी त्याने कमरेला ओझी उचलताना बांधायचा तो जुना पट्टा बांधला आणि लावलेलं घर मोडायला घेतलं. पडदे काढले, पलंग खिडकीखाली ओढला, डबे दुसऱ्या फळीवर नेले. आता तरी तिला कळेल की हे नवं घर आहे, एवढी एकच आशा. बायको खुर्चीत बसून बघत होती. त्याने शिवणयंत्राला हात घातला, तशी ती उठली.

"जपून हं, भाऊ. माझं आहे ते मशीन."

थट्टा करते आहे असं वाटून तो हसला. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर परक्या माणसापुरतं सौजन्य होतं. तो चेहरा त्याने शेकडो घरांत बघितला होता.

"चांगलं करता हो काम," ती म्हणाली. "चहा दिला असता, पण साखर कुठे ठेवली आहे कोण जाणे. आता पुरे करा. तुमचीही बायको वाट बघत असेल."

तिच्याशी हुज्जत घालायची म्हणजे तिला रडवायचं. त्याने पट्टा सोडला, मान हलवली आणि तो बाहेर गेला. आतून कडी लागली.

दिवस मावळायला आला होता. पायरीवर उभा राहून तो अगदी पोरासारखा रडला. मग त्याने तोंड पुसलं, केस सारखे केले. कामावरून घरी आल्यावर रोज वाजवायचा, तशी घंटा वाजवली. दार उघडलं.

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काही राहिलं का तुमचं, भाऊ?"

"हो," तो म्हणाला.

"मग या, बघा आत. पण पटकन आटपा हं. आमच्या ह्यांची यायची वेळ झाली."

ती बाजूला सरली. मुकादम बूट बाहेर काढून, पाहुण्यासारखा आत गेला.